घरटी एक वादी

वकिली सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि पनवेलच्या कोर्टात माझी ओळख 'तो नवा कोट' अशी होती. कोट खरोखरच नवा होता. आतला माणूसही नवाच होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. पक्षकार जुन्या वकिलांकडे जात. माझ्याकडे येत ते जुन्या वकिलांचा पत्ता विचारायला. अशा दिवसांत एका सकाळी खाडीपलीकडचं एक अख्खं गाव माझ्या जिन्यावर येऊन बसलं आणि मला आनंदाने कायदा आठवेनासा झाला. पुढचं सगळं त्या आनंदाच्या भरात झालं.

गाव आगऱ्यांचं. खाडीलगतची खाऱ्या जमिनीतली भातशेती, थोडी मिठागरं. बायका खाडीतली मासळी पाटीत घालून पनवेलच्या बाजारात आणत. येण्याची वाट खाडीच्या बांधावरून. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि त्याच्या माथ्यावरून पिढ्यान् पिढ्या तुडवलेली पाऊलवाट. हा बांध पनवेलच्या अंगाला जिथे टेकतो, तिथली जमीन एका व्यापाऱ्याने विकत घेतली, तिला काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि ऐन वाटेवर लाकडी फाटक बसवून कुलूप ठोकलं. आता बाजारात यायचं तर ओहोटी गाठून मांडीभर गाळातून, नाहीतर खाडीला वळसा घालून उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालत. ओहोटी बाजाराच्या वेळा पाळत नाही.

जिन्यावर बसलेल्यांत पुरुष पुष्कळ होते, पण बोलत होती एक बाई. नवरा गेलेला, दोन लहान मुली पदरात, आणि डोक्यावरची पाटी हीच काय ती शेती. बाजारात नारळवाल्याच्या शेजारी, भिंतीच्या सावलीत तिची बसायची जागा होती. त्याआधी ती तिच्या सासूची होती. अशा जागा कुठल्याही दप्तरात नोंदलेल्या नसतात. जो रोज येऊन बसतो त्याची ती जागा. चार सकाळी उशीर झाला की दुसरं कोणी बसतं, आणि मग भांडून उपयोग नसतो. आताशा एक परकी बाई तिथे टोपली टेकायला लागली होती.

"ह्यांची वाट गेली," गावकऱ्यांकडे हात करून ती म्हणाली, "माजी तर जागा चाललीय, वकीलसायेब."

मी मान डोलावली. हे वाक्य माझ्या कानांवरून गेलं, कानांत गेलं नाही. माझं चित्त एका कलमावर जडलं होतं.

कलम मोठं देखणं होतं. वाट सगळ्यांची असेल आणि ती कोणी अडवली, तर तो त्रास कोणा एकाचा नसतो, म्हणून कोणा एकट्याला त्यासाठी दावाही लावता येत नाही. जनतेच्या वतीने दावा लावायचा तो सरकारने. नाहीतर सरकारच्या बड्या वकिलाची लेखी संमती घेऊन दोन किंवा अधिक नागरिकांनी. मुंबईबाहेर ही संमती द्यायचा अधिकार कलेक्टरला, म्हणजे आमच्यासाठी अलिबागला. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं आणि तेव्हापासून ते वापरायची संधी शोधत होतो. एखाद्याच्या शेताच्या मेरेवरून भांडण्यात काय मोठेपणा? इथे साक्षात सरकारच्या वतीने उभं राहायचं होतं. मी जिन्यावर उभा राहून लहानसं व्याख्यान दिलं. त्यात 'जनता' हा शब्द इतक्या वेळा आला की खालच्या पायरीवरच्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, ही कोन?

प्रतिवादीचं नाव मी सगळ्यांत शेवटी विचारलं. म्हाताऱ्याने बोट खाली केलं. मला वाटलं, तो पायरी दाखवतोय. तो पायरीच दाखवत होता. ज्या जिन्यावर ते सगळे बसले होते, ज्या माडीच्या दोन खोल्यांत मी राहत होतो आणि ज्या घराच्या तळमजल्यावर भाताची पोती रचलेली होती, त्या घराचा मालक म्हणजेच फाटकाचा मालक. गाव ज्याच्याविरुद्ध दाद मागायला आलं होतं त्याच्याच जिन्यात दाटीवाटीने बसलं होतं, आणि मी त्याच जिन्याचा कठडा धरून त्याच्याविरुद्ध भाषण ठोकलं होतं. तो स्वतः थोड्या वेळापूर्वी त्यांच्यामधून वाट काढत देवाला फुलं घेऊन वर गेला होता, आणि जाताना "बसा, बसा, उठू नका" असं म्हणाला होता.

त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. पण एवढं मोठं व्याख्यान देऊन झाल्यावर 'मी भाडेकरू आहे' असं म्हणायला जीभ वळेना. मंडळी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दावा लावा. फक्त मालक जिन्यात भेटले तर मी हसायचं की नाही, तेवढं आधी सांगून ठेवा."

मालकाने घर सोडा म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी बोचकी बांधून ताठ मानेने बाहेर पडलो असतो आणि गावभर माझं नाव झालं असतं. पण तो पडला सभ्य माणूस. रोज सकाळी ओटीवर दात घासताना तो विचारी, "काय वकीलसाहेब, दाव्याचं कुठवर आलं?" आणि त्या विचारण्यात खरोखरच आपुलकी असे. मी कोट हातावर टाकून पायऱ्या उतरत असे आणि "चाललंय, चाललंय" असं म्हणत निसटत असे. काही दिवसांनी मला तो जिना दुप्पट लांब वाटू लागला.

अर्ज लिहायला आम्ही गावच्या देवळात बसलो. मी सांगितलं, कायद्याला दोन नावं पुरतात. दोन शहाणी माणसं द्या. गावाने ऐकून घेतलं आणि नकार दिला. का, ते जिन्यावरच्या त्या म्हाताऱ्याने मला समजावलं. बांधाला उधाणात खांड पडून पाणी आत घुसलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो. ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घराचा बांधावर हक्क राहत नाही. वाट बांधावरची. तेव्हा वाटेच्या कामातही घरटी एक नाव हवं. "दोगांचीच नावं सरकारात गेली," तो म्हणाला, "तर उद्या वाट त्या दोगांची व्हईल."

यावर मी अडून बसायला हवं होतं. उलट मला ती कल्पना फारच आवडली. नावं जितकी जास्त तितकं अर्जाला वजन, आणि अर्जाला जितकं वजन तितकं वकिलाला, असा माझा हिशेब. मी शाईची दौत पुढे ओढली आणि घरामागून घर लिहीत गेलो. मासळीवाल्या बाईचं घर आलं तेव्हा तिचं नाव न घेता तिच्या दिराचं नाव सांगण्यात आलं. भावाभावांचं घर एकच धरायचं, अशी रीत. ती म्हणाली, चूल येगळी हाय. म्हाताऱ्याने हात झटकला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला गंभीरपणे सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने याने काहीही फरक पडत नाही. हे वाक्य मी त्या काळात फार वापरत असे.

अर्ज घेऊन मी एस.टी.ने अलिबागला गेलो. कर्नाळ्याचा सुळका मागे पडेपर्यंत अर्ज मांडीवर होता, पुढे पेणजवळ तो शेजारच्या माणसाच्या गुळाच्या ढेपेला चिकटला. तिथल्या कचेरीत तो नव्याने लिहून द्यावा लागला, आणि तो लिहितानाही मी एकही नाव गाळलं नाही. संमती यायला पावसाळा उलटला. त्या पावसाळ्यात गाळातून येणं अशक्यच होतं. बाई वळसा घालून येत राहिली. ती पोचेपर्यंत परकी बाई तिच्या जागेवर बसून अर्धी टोपली विकून मोकळी झालेली असे. मग ही कडेला, उन्हापावसात बसे. मला बाजारात पाहिलं की ती फक्त भुवया उंचावत असे. मी आंबट चेहरा करून हाताने अलिबागची दिशा दाखवत असे.

अखेर संमती आली. शिक्का होता, सही होती, आणि खालील सर्व इसमांना दावा लावण्यास संमती देण्यात येत आहे, असं म्हणून सगळी नावं ओळीने दिलेली होती. मी ती देवळात मोठ्याने वाचून दाखवली. दाव्यावर अंगठे उठवायला माणसं रांगेत उभी राहिली. सगळ्यांचे अंगठे झाले, एक सोडून. बाईचा दीर आला नव्हता.

कारण मला फाटकावर गेल्यावर कळलं. कुलूप काढून मालकाने तिथे माणूस नेमला होता, आणि तो माणूस हाच. अंगात खाकी सदरा, हातात काठी, बसायला उलटं घमेलं. मी त्याला दाव्याचा कागद दाखवला. तो घाबरून उठला, मग परत बसला.

"सायेब, मी फाटकावर बसतो," तो म्हणाला. "मीच फाटकावर दावा कसा लावू? दुसरा मानूस ठेवतील नं ते."

मी त्याला जनतेबद्दल थोडं सांगितलं. त्याने ते नम्रपणे ऐकलं आणि मला बसायला घमेलं दिलं.

घरी परत आल्यावर मी पुस्तकं उघडली. जुने निवाडे सगळे एकाच सुरात बोलत होते. संमती ज्यांना मिळाली त्या सगळ्यांनी मिळून दावा लावला पाहिजे. त्यांतल्या काहींनी लावून चालत नाही. दोनच नावं घातली असती तर गाव मोकळं होतं. मी घरटी एक घालून प्रत्येक घराला एकेक खुंटी ठोकली होती, आणि त्यांतली एक खुंटी फाटकावर जाऊन बसली होती. पुन्हा अलिबागला जावं, तर आणखी एक पावसाळा. दावा तसाच लावावा, तर तो फेटाळला जाणार. लावूच नये, तर गावाला काय सांगू? आणि हे सगळं विचारात घेत मी ज्या खोलीत येरझारा घालत होतो, तिच्या खाली मालक हिशेबनिसाला मजकूर सांगत होता. त्याचा आवाज फळ्यांतून स्पष्ट येत होता. माझ्या येरझारा त्यालाही स्पष्ट ऐकू येत असणार.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचली की माझी बायको काळजीत पडते. कायद्यात अशी सोय असते की जो माणूस वादी व्हायला तयार नसेल त्याला प्रतिवादी करून दाव्यात आणता येतं. मग कोणी म्हणू शकत नाही की तो दाव्यात नाही. मी दिराला मालकाच्या शेजारी प्रतिवादी करून टाकलं आणि त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

आमचे जज्जसाहेब मुंबई इलाख्यातली पुष्कळ गावं पाहून पनवेलला आलेले, सडपातळ, मृदू बोलणारे. कायद्याचं पुस्तक ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच उघडल्यासारखे उघडत. कितीही ओळखीचं कलम असो, ते आधी इंग्रजीत पुटपुटत, मग स्वतःशीच हळूहळू मराठी करत, आणि मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करत. वकील म्हणून आम्हांला याचा फार वैताग यायचा. पण एक होतं, त्यांनी वाचून झाल्यावर कलमात लपायला जागा उरत नसे.

मालकाच्या वतीने बारमधले सगळ्यांत ज्येष्ठ वकील उभे राहिले. त्यांचा मुद्दा एकच. सरकारने ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांतला एक माणूस वादींच्या रांगेत नाही. एका रेशनकार्डावर घरातली सगळी नावं असतात, ते म्हणाले, म्हणून त्यांतल्या दोघांना उठून 'आमचं वेगळं कार्ड आहे' असं म्हणता येत नाही. मी उठलो. म्हणालो, कायद्याला दोनच माणसं लागतात, इथे तर गाव आहे. बाकीची नावं केवळ शोभेला. आणि तो माणूस दाव्यात आहेच, प्रतिवादी म्हणून.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे सरकारने ज्याला फाटक उघडायला पाठवलं," ते म्हणाले, "तो फाटक धरून उभा आहे, असं तुमचं म्हणणं?"

कोर्टात हशा पिकला. मागे बसलेला दीर स्वतःही हसला. मी 'होय' म्हणालो, कारण तसंच होतं.

"आणि नावं शोभेला होती तर घातलीत कशाला?"

याला खरं उत्तर होतं, पण ते कोर्टात देण्यासारखं नव्हतं.

निकाल त्यांनी पंधरवड्याने दिला. आजही मला तो जवळजवळ पाठ आहे, कारण हरलेले निकाल पाठ राहतात. त्यांचं म्हणणं असं. सार्वजनिक वाटेचा दावा मुळात सरकारचा. सरकार तो नागरिकांना उसना देतं. का देतं? तर कोणीही उठून जनतेच्या नावाने शेजाऱ्याला छळू नये, म्हणून कोणाला द्यायचा ते सरकार पारखून ठरवतं. ती पारख कोर्टाची नव्हे. उसनी वस्तू ज्यांना दिली त्यांनी मिळून वापरायची. कोर्टाने त्यांतली हवी ती माणसं निवडून इतरांना वगळलं, तर कोर्ट सरकारच्या खुर्चीत बसल्यासारखं होईल. गावाची अडचण खरी असेल, पण अडचण पाहून कलमाला वाकवलं तर उद्या दुसऱ्या कोणाची अडचण त्याला उलटं वाकवील. दावा चालण्याजोगा नाही.

इथवर वाचून ते थांबले, पाणी प्यायले, आणि पुढचं वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. याच कलमाला दुसरं पोटकलम आहे, ते म्हणाले. ते सांगतं की एखाद्याचा स्वतःचा, निराळा हक्क असेल तर त्याला या कलमाने बाध येत नाही. वाट अडल्याने ज्याचं इतरांहून वेगळं, खास नुकसान झालं, त्याला सरकारला विचारायचं कारण नाही. विद्वान वकिलांनी ते पोटकलम वाचलं नसावं.

वाचलं होतं. पण ते इतकं साधं होतं की मी त्यावरून पुढे गेलो होतो. त्यात सरकार नव्हतं, जनता नव्हती, शिक्का नव्हता. होता कोणीतरी एकटा माणूस आणि त्याचं नुकसान.

कोर्टाबाहेर गाव उभं होतं. म्हाताऱ्याने विचारलं की घरटी एक नाव दिलं, ते कमी पडलं काय? मी म्हणालो, नाही, जास्त झालं. गर्दीतून ती बाई पुढे आली.

"माजं नाव तर घातलंच नव्हतं," ती म्हणाली. "मंग मी हरले की नाय?"

यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून ती कुठल्याच संमतीला बांधलेली नव्हती. वाट सगळ्यांची गेली होती, जागा फक्त तिची जात होती. पहिल्याच दिवशी तिने मला अख्खा दावा एका वाक्यात सांगितला होता आणि मी मान डोलावली होती. तिथेच, कोर्टाच्या पायरीवर, मी तिला म्हणालो की ती हरलेली नाही.

दुसरा दावा तिच्या एकटीच्या नावाने लागला. गावाने त्याला हरकत घेतली नाही, पण उत्साहही दाखवला नाही. एका बाईने एकटीने वाटेचा दावा लावणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. देवळातल्या बैठकीला तिला बोलावणं येईना. तिच्या मुली पाणी भरायला गेल्या की बायका बोलायच्या थांबत. ती मला म्हणाली, लवकर आटपा; हे आता माज्या एकटीचं झालंय. मी म्हणालो, कायद्याला तेच हवं आहे. ती म्हणाली, कायदा माज्या शेजारी राहत नाय.

मालकाने कैफियतीत म्हटलं की फाटक गुरांसाठी आहे, माणसाला कधी कोणी अडवलेलं नाही. हे सिद्ध करायला त्याने साक्षीदार आणला तो फाटकावरचा माणूस, बाईचा दीर. तो खाकी सदरा धुऊन आला होता. ज्येष्ठ वकिलांनी त्याला शांतपणे विचारलं, या बाईला तू कधी अडवलंस का? उत्तर 'नाही' यायचं होतं. तेवढ्यासाठीच त्याला आणलं होतं.

दिराने आधी मालकाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग पुन्हा मालकाकडे.

"अडवली नं," तो म्हणाला. "रोज अडवली. मी कामात कुचराई नाय केली, मालक."

वकिलांनी त्याला सावरायचा प्रयत्न केला. तो आणखीच ठासून सांगू लागला. हिला पयल्यांदा अडवायची, मग बाकीच्यांना. कारन हिलाच सगळ्यांत घाई असायची, बाजारात जागा जाते म्हनून. ही रडायची, तरी सोडली नाय. मालकाने डोळे मिटून घेतले. तो माणूस खरोखरच आपल्या नोकरीची इमानदारी पटवत होता, की वहिनीसाठी नोकरीवर पाणी सोडत होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कधी विचारायचं धाडस झालं नाही. जज्जसाहेबांनी त्याचा शब्द न् शब्द स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

अंतरिम हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने वादीस त्या वाटेने जाण्यायेण्यास कोणत्याही प्रकारे अडथळा करू नये.

मी तो हुकूम हातात घेऊन कोर्टाच्या आवारात चक्क धावलो. माझा पहिला विजय. संध्याकाळी जिन्यात मालक भेटला. त्याने माझं अभिनंदन केलं. मग चष्मा लावून हुकूम वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाला, "तिला येऊ दे की. आनंदाने येऊ दे." तो 'तिला'वर थोडा थांबला. मी वर गेलो, दिवा लावला आणि हुकूम पुन्हा वाचला. वादीस. वादी एकच होती. तिच्या एकटीच्या नुकसानीवर मागितलेला हुकूम तिच्या एकटीपुरता निघाला होता. वाट सार्वजनिक आहे की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो मी बाहेरच ठेवला होता, कारण आत घेतला असता तर पुन्हा अलिबाग.

दुसऱ्या दिवशी कोर्टाआधी मी कोट चढवून फाटकावर गेलो. भरती होती. बांधावरून बायकांची ओळ येत होती, पुढे ती. चुंबळीवर भरलेली पाटी, मागे तशाच पाट्या. दिराने फाटक उघडलं आणि काठी आडवी धरून उभा राहिला. मालकाने त्याला जे सांगितलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"वहिनी, तू जा," तो म्हणाला. "तुलाच हुकूम हाय."

ती थांबली. तिने मागे पाहिलं. काल-परवापर्यंत तिच्याशी न बोलणाऱ्या बायका उभ्या होत्या, आणि पाट्यांतलं पाणी त्यांच्या गालांवरून ओघळत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आनि ह्या?"

मी समजावून सांगू लागलो. पोटकलम, खास नुकसान, अंतरिम. माझ्या लक्षात आलं की मी हळूहळू आवाज खाली आणत चाललोय, आणि शेवटी मी थांबलोच.

पुढे गेली असती तर तिची जागा तिला मिळत होती. नारळवाला नुकता दुकान मांडत असेल. मागे राहिली असती तर इतकं सगळं कशासाठी केलं? मग तिने पाटी उतरवली, बरोबर फाटकाच्या दोन खांबांच्या मधे ठेवली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

दीर म्हणाला, "वहिनी, फाटक लावायचंय."

"लाव की," ती म्हणाली. "मी मधी हाय. मला अडवायचं नाय ना कोनी?"

त्याने फाटक ओढून पाहिलं. फळी तिच्या गुडघ्याशी येऊन थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पहिली बाई तिला ओलांडून आत आली. मग दुसरी. काठी आडवी होती ती कधी उभी झाली ते त्यालाही कळलं नसावं. ओळ बरीच लांब होती. मागून भाजीवाल्या आल्या, त्यांच्या मागून गवताचे भारे आले. प्रत्येकीला जाऊ देत ती बसून राहिली. पाटीवरचं ओलं गोणपाट उन्हाने सुकायला लागलं तसं तिने खांबापाशीच्या डबक्यातलं ओंजळभर पाणी घेऊन शिंपडलं, पण त्यासाठी उठतानाही एक पाय फाटकात ठेवला होता.

शेवटची बाई गेल्यावर तिने मला हाक मारली. "हात लावा, सायेब."

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. मी एका बाजूने धरली, दिराने दुसऱ्या. चुंबळीवर नीट बसायच्या आत पाटी माझ्याकडे कलली आणि निवट्या मासळीचं पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं. ती निघाली. मी मागोमाग बाजारापर्यंत गेलो. नारळवाल्याशेजारी परकी बाई बसली होती, तिची टोपली निम्मी रिकामी झाली होती. बांधावरून आलेल्या इतर बायकांनीही आपापल्या जागा धरल्या होत्या. ती कोणाशी भांडली नाही. टोकाला, भांड्यांच्या दुकानापाशी, जिथे सावली नसते, तिथे तिने पाटी टेकवली.

मी म्हणालो, उद्या जरा लवकर निघा. ती म्हणाली, निघते.

ती निघाली लवकर. ती लवकर निघते म्हणून बाकीच्याही लवकर निघू लागल्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुष्कळ तारखा पडल्या, आणि प्रत्येक सकाळी ती फाटकावर सगळ्यांच्या आधी पोचायची आणि बाजारात सगळ्यांच्या शेवटी.